मिसेस कीगनच्या भिंतीवरचं चर्च

ते चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यातलं चर्च मला दिसलंच नाही. दिसलं ते आभाळ. अर्ध्याहून जास्त चित्र नुसतं आभाळानं भरलेलं होतं, राखाडी, ओलसर, खाली उतरून आलेलं. आईनं बोट दाखवलं तेव्हा कुठे टेकडीच्या कुशीतलं ते बुटकं दगडी चर्च नजरेला पडलं. आखूड मनोरा, त्यावर निम्म्यापर्यंत चढलेली वेल, भोवती दगडी कुसू, आत कलंडलेले थडग्यांचे दगड. बाहेर चिखलाची वाट आणि वाटेवर पाठमोरी चाललेली एक बाई. तिचा घागरा तांबडा होता, आणि अख्ख्या चित्रात तांबडा रंग तेवढाच. चित्र फार मोठं नव्हतं, चहाच्या ट्रेएवढं असेल, पण त्याची सोनेरी फ्रेम इतकी जाड होती की भिंतीवर ते खिडकीसारखं वाटायचं. खाली कोपऱ्यात कुणा आयरिश चित्रकाराची सही होती, तीही पुसट झालेली. एकोणिसाव्या शतकातलं आहे, असं मिसेस कीगन म्हणायच्या. त्यापलीकडे त्यांनाही काही माहीत नव्हतं.

मिसेस कीगन म्हणजे आमच्या शेजारच्या आजी. नोरा त्यांचं नाव. घरात आई त्यांना ‘नोराबाई’ म्हणायची, त्यांच्या तोंडावर मात्र ‘मिसेस कीगन’. आम्ही अमेरिकेत ट्रॉयला राहायला आलो तेव्हा मी बारा वर्षांची होते. बाबा गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत होते. सकाळी सातला गॅरेजचं दार घरघरत उघडायचं, संध्याकाळी साडेसहाला पुन्हा घरघरायचं, आणि त्या दोन घरघरींच्या मध्ये आई एकटी असायची. घर तापवणारी फर्नेस सुरू व्हायची, बंद व्हायची. कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या. फोडणी द्यायच्या आधी खिडक्या लावून पंखा फुल करायचा, हा बाबांचा नियम होता, कारण वास बाहेर जायला नको. बाबांचे असे पुष्कळ नियम होते आणि त्या सगळ्यांच्या शेवटी एकच वाक्य असायचं, ‘कागद होईपर्यंत’. कागद म्हणजे ग्रीन कार्ड. न्यूयॉर्कचे टॉवर पडून दोन-तीन वर्षं झाली होती, आणि बाबांनी गाडीला लावलेलं झेंड्याचं स्टिकर ऊन-बर्फानं फिकं पडलं की ते नवीन आणून लावत. कुणाच्या नजरेत यायचं नाही, कुणाचं काही घ्यायचं नाही, कुणाला काही सांगायला जायचं नाही. कागद होईपर्यंत.

आई मूळची कोल्हापूरची. तिथल्या आर्ट कॉलेजात शिकलेली, आणि लग्नानंतर पुण्यात मुलींच्या शाळेत अकरा वर्षं चित्रकला शिकवलेली. इथे तिच्या व्हिसावर नोकरी करायला बंदी होती. तिच्या कागदावर ‘डिपेंडंट’ असा शब्द छापलेला होता. तो तिनं एकदा मोठ्यानं वाचला, आणि म्हणाली, “अवलंबून. वाक्य अर्धंच सोडलंय बघ यांनी.” मग हसली आणि तो कागद फायलीत ठेवून दिला. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. मला आईचं इंग्लिश, आईचा स्वेटरवर घातलेला पंजाबी ड्रेस आणि शाळेच्या बसपाशी तिचं येऊन उभं राहणं, या सगळ्याचीच लाज वाटायची. मी तिच्याशी निम्मं इंग्लिशमध्ये बोलायचे आणि ती सगळं मराठीत उत्तर द्यायची.

नोराबाईंशी तिची ओळख झाली ती वर्तमानपत्रांमुळे. एका हिवाळ्यात त्यांच्या ड्राइव्हवेवर दोन दिवसांची वर्तमानपत्रं बर्फात तशीच पडलेली आईनं खिडकीतून पाहिली. बाबा ऑफिसात होते. नियम बाजूला ठेवून आई गेली, मागचं दार ढकललं, तर म्हाताऱ्या बाई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेल्या, घोटा सुजून भोपळ्याएवढा झालेला, आणि दोन दिवस चहा-बिस्किटांवर काढलेले. आईनं डॉक्टरला फोन लावला आणि मग घरी येऊन साबुदाण्याची खीर करून नेली. ती खाऊन नोराबाई म्हणाल्या की ही तर आमच्या आईची टॅपिओका पुडिंग, फक्त तिनं वेलदोडा घातला नव्हता ही तिची चूक. तेव्हापासून आई रोज दुपारी तिकडे जायची. खीर, मऊ भात, कधी लिंबाचं वरण. येताना सोडा घालून भाजलेला त्यांचा जाड पाव घेऊन यायची. पुढे त्यांनी आईला घराची किल्लीच दिली. बाबांनी ती किल्ली आमच्या फ्रीजवरच्या आकड्याला पाहिली आणि जेवता जेवता थांबले. म्हणाले, परत दे. उद्या त्या घरातलं काही हरवलं तर पहिलं नाव कुणाचं येईल? आई म्हणाली, त्यांना पडल्यावर उठता येत नाही. किल्ली आकड्यालाच राहिली.

चित्राची गोष्ट मला आईकडून तुकड्या-तुकड्यांनी कळली. नोराबाईंची आजी आयर्लंडमधल्या मेयो भागात एका जमीनदाराच्या घरी मोलकरीण होती. ती अमेरिकेला निघाली तेव्हा मालकिणीनं दिवाणखान्यातलं ते चित्र काढून तिच्या हातात ठेवलं. निदान आजी तरी असं सांगायची. कुणाचा विश्वास बसला नाही. मोलकरणीला कोण तैलचित्र देतं? बोटीवर तिच्या चुलतबहिणीनं ती गोष्ट हसण्यावारी नेली, इथे आल्यावर सासरच्यांनी नेली, आणि पुढे दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापताना कुणीतरी म्हणायचंच की आजीनं ते ढापलं होतं. त्यात आणखी एक गंमत होती. ते चर्च त्यांचं नव्हतंच. आजीची माणसं कॅथलिक, आणि ते चर्च प्रोटेस्टंटांचं, जमीनदाराच्या लोकांचं. आजी आयुष्यात कधी त्याच्या दारातून आत गेली नव्हती, तिला जाता आलंच नसतं. तरी तीन पिढ्या ते त्यांच्या बैठकीच्या खोलीत मानानं टांगलेलं. ही गोष्ट आईला फार आवडली होती. ती चित्रासमोर बराच वेळ उभी राहायची. एकदा मी बरोबर असताना ती म्हणाली, “आभाळ आधी रंगवलंय यानं. चर्च शेवटी, घाबरत घाबरत.” मला तेव्हा घरी जायची घाई होती.

मी चौदा वर्षांची असतानाच्या पानगळीत आमच्या बेसमेंटमधून टर्पेंटाइनचा वास यायला लागला. मी विचारलं तर आई म्हणाली, जुना छंद, हात जड झालाय. बाबांना बरं वाटलं, कारण छंद घरातल्या घरात होता. पण बेसमेंटचं दार बंद असायचं आणि मला खाली जायची बंदी होती, धूळ उडते म्हणून. आमच्या घरात तोवर मला कुठलंच दार बंद नव्हतं. जवसाच्या तेलाचा वास फर्नेसच्या झोतांतून वर येऊन माझ्या खोलीतल्या पांघरुणाला लागायचा, आणि मला पहिल्यांदा असं वाटायला लागलं की आई दिवसभर काय करते हे मला माहीत नाही.

डिसेंबरात एकदा ताप आला म्हणून मी शाळेतून मधेच घरी आले. आई घरात नव्हती. मी वरच्या खिडकीत उभी होते, तेवढ्यात नोराबाईंचं मागचं दार उघडलं आणि आई बाहेर आली. तिच्या हातात जुन्या सुती साडीत गुंडाळलेलं काहीतरी चपटं होतं. एरवी ती फुटपाथवरून यायची. त्या दिवशी ती दोन घरांमधल्या बर्फातून, झुडपांच्या आडून आली. आत येऊन ती थेट खाली गेली. वर आल्यावर मला पाहून दचकली, कपाळाला हात लावला, क्रोसिन दिली, सगळं नेहमीसारखं केलं. मी विचारलं, कुठे होतीस. ती म्हणाली, नोराबाईंकडे, खीर द्यायला. साडीचं नाव तिनं काढलं नाही. मीही काढलं नाही.

दोन दिवसांनी ती ग्रोसरीला गेलेली असताना मी बेसमेंटमध्ये उतरले. फर्नेसच्या मागे, भिंतीला टेकून, दोन चर्चेस उभी होती. एकशेजारी एक. दोन आभाळं, दोन मनोरे, दोन पाठमोऱ्या बायका दोन तांबड्या घागऱ्यांत. सोनेरी फ्रेम एकटीच बाजूला आडवी ठेवलेली. मी गुडघ्यांवर बसून एकाकडून दुसऱ्याकडे पाहत राहिले आणि कुठलं कुठलं हे मला सांगता येईना. ते बघून मला अभिमान वाटायला हवा होता. आता वाटतो. पण त्या क्षणी एका चित्राची दोन चित्रं माणूस कशासाठी करतो याचं एकच कारण मला सुचलं.

पुढच्या आठवड्यात बेसमेंट रिकामं होतं आणि नोराबाईंच्या भिंतीवर, त्याच जाड फ्रेममध्ये, चर्च नेहमीच्या जागी होतं. त्या आत चहा करत असताना मी स्टुलावर चढून चित्राला नाक लावलं. जवसाचा वास आला. माझ्या पांघरुणाला यायचा तोच.

त्यानंतरचे दोन महिने मी आईवर पाळत ठेवली. हा शब्द लिहिताना आजही जड जातं, पण दुसरा शब्द नाही. तिनं नुकतंच लायसन्स काढलं होतं आणि ती फक्त शाळा, ग्रोसरी आणि लायब्ररी एवढंच ड्राइव्ह करायची. बाबा ऑइल बदलायच्या हिशेबानं गाडीचे मैल वहीत लिहायचे. त्या वहीत आणि गाडीच्या आकड्यात एका आठवड्यात दीडशे मैलांचा फरक पडलेला मी पाहिला. बाबांच्या तो लक्षात आला नाही. आई कधी कधी फोनवर हळू आवाजात इंग्लिश बोलायची आणि मी खोलीत आले की ‘ओके, बाय’ म्हणून ठेवून द्यायची. टीव्हीवर एक कार्यक्रम लागायचा, लोक माळ्यावरच्या जुन्या वस्तू घेऊन यायचे आणि जाणकार त्यांची किंमत सांगायचा. तो लागला की मी टीव्हीकडे न बघता आईकडे बघायचे. ती भाजी निवडत असायची. मला वाटायचं, मुद्दाम निवडतेय. तिला पुण्याला परत जायचं होतं हे मला माहीत होतं, इथे तिचं काहीच नव्हतं हेही माहीत होतं. त्या सगळ्याची मी मनात एक गोष्ट तयार केली, आणि एकदा गोष्ट तयार झाल्यावर तिचं प्रत्येक वागणं त्या गोष्टीत बरोबर बसायला लागलं. ती गाणं गुणगुणली तरी बसायचं, गप्प राहिली तरी बसायचं.

फेब्रुवारीच्या शेवटी नोराबाई गेल्या. सकाळी आई किल्ली लावून आत गेली तर त्या झोपेतच गेलेल्या होत्या. त्यांचा मुलगा टॉम दुसऱ्या राज्यातल्या शॉमबर्गहून आला. उंच, दमलेला, कुठल्यातरी विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावरचा माणूस. त्यानं आईचे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले, आणि अंत्यविधीला आम्हाला दुसऱ्या रांगेत बसवलं. मला आठवतं, आई सारखी मागे वळून चर्चच्या दाराकडे बघत होती. कुणाची तरी वाट बघावी तशी. ते मी माझ्या गोष्टीत बसवलं. मला वाटलं, घाबरलीय.

टॉमनं घर विकायच्या आधी वस्तूंची किंमत ठरवायला एका जाणकाराला बोलावलं. त्या माणसानं चित्र भिंतीवरून उतरवलं, उलटं केलं, आणि मिनिटभरात सांगितलं की कॅनव्हास नवा आहे, मागची लाकडी चौकट नवी आहे आणि आभाळातला जाड रंग अजून पुरता वाळलेलाही नाही. त्या संध्याकाळी टॉम आमच्या दारात आला. तो ओरडला नाही. त्यानं फक्त विचारलं की गेल्या काही महिन्यांत घरात आणखी कोण येत-जात होतं, किल्ली कुणाकडे होती. आईनं तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले की माझी बायको फक्त जेवण नेऊन द्यायची, तिला चित्रातलं काही माहीत नाही. त्यांनी हे इतक्या घाईनं सांगितलं की मलाच ते खोटं वाटलं. टॉमनं मान हलवली. आई जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तेव्हा आई लायब्ररीत गेलेली होती. टॉम शेजारच्या पोर्चवर खोकी रचत होता. मला बघून तो कुंपणापाशी आला, शाळा कशी चाललीय विचारलं, आई तुझ्याबद्दल बोलायची म्हणाला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, तुझी आई चित्रं काढते का? मी ‘हो’ म्हटलं. त्यानं विचारलं, हे चित्र तिनं काढताना तू पाहिलंस का? मला ‘नाही’ म्हणता आलं असतं, आणि ते खरंही होतं, काढताना मी पाहिलं नव्हतंच. पण मी म्हणाले, “देअर वर टू. आमच्या बेसमेंटमध्ये. दोन होती.”

मी असं का केलं, याची मी आजवर पुष्कळ कारणं स्वतःला सांगून पाहिली आहेत. खरं बोलावं असं शाळेत शिकवतात. तो मायेनं विचारत होता. मी एकटीनं ते दोन महिने पोटात बाळगलं होतं आणि कुणीतरी ते काढून घ्यावं असं मला वाटत होतं. ही सगळी खरी आहेत. पण मला आईचा राग आला होता, हेही खरं आहे. दार बंद केल्याचा राग.

आठवड्याभरात वकिलाचं पत्र आलं. तुमच्या बेसमेंटमध्ये दोन चित्रं होती असं कळलं आहे, मूळ चित्र परत करावं, नाहीतर पुढची पावलं उचलावी लागतील, असा मजकूर. बाबांनी ते उभ्यानं वाचलं आणि मग खुर्चीत बसून परत वाचलं. त्या रात्री जेवताना त्यांनी आईला विचारलं, आणि तिनं शांतपणे सांगितलं. हो, नक्कल मी केली. नोराबाईंनी सांगितली म्हणून केली. मूळ चित्र त्यांच्या इच्छेप्रमाणे जिथे जायचं तिथे गेलं.

“कुठे?” बाबांनी विचारलं.

“ते सांगता येणार नाही.”

“सांगता येणार नाही म्हणजे? सुधा, हे पत्र वाचलंस ना? पैसे घेतलेस का तू तिच्याकडून? पैसे घेतले असतील तर ते काम झालं. तुझ्या व्हिसावर काम. सगळ्यांची फाइल बंद होईल, कळतंय का?”

“एक पैसा घेतला नाही. रंगसुद्धा मी पुण्याहून आणलेले होते.”

“मग सांग त्याला.”

“मी शब्द दिलाय. सांगायचं असेल ते त्यांच्या माणसांनी सांगायचं.”

बाबांनी ताटावरून हात काढला. पुढे तीन आठवडे आमच्या घरात जेवताना कुणी बोललं नाही. रस्त्यावर एखादी गाडी हळू झाली की बाबा पडद्याआडून बघायचे. मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याला आम्ही गेलो नाही, कारण काय सांगायचं हे ठरत नव्हतं. बाबांनी पुण्याच्या काकांना फोन करून तिथे नोकरीचं काय होऊ शकेल ते विचारलं, मी जिन्यात बसून ऐकलं. आईवर त्यांचा विश्वास होता की नव्हता हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. मला वाटतं त्यांनाही आलं नसावं. ते तिच्याकडे बघायचे ते हिशेब न लागणाऱ्या बिलाकडे बघावं तसं. आणि मी दोघांकडे बघायचे, आणि टॉमला त्या दोन चित्रांबद्दल कुणी सांगितलं हे अजून कुणी विचारलं कसं नाही, याची मला भीती वाटायची.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी आईनं ओट्यावरची कणीक तशीच ठेवून, हात धुऊन फोन उचलला. बाबा गॅरेजमध्ये होते. मी टेबलावर गृहपाठ घेऊन बसले होते आणि या खेपेला तिनं मला जायला सांगितलं नाही. पलीकडे कुणी फोन घेतला. आई म्हणाली, आयलीन, मी सुधा. मग म्हणाली की तुझ्या भावाला तू काही सांगितलं नाहीस म्हणून फोन केला, अंत्यविधीला तू आली नाहीस तेव्हा मी समजले की तुला यायचं नव्हतं. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.  आईनं मोकळ्या हातानं ओट्याची कड धरली.

“आय अॅम सो सॉरी,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुला कुणी कळवलं असेल.”

मग ती नुसती ऐकत होती, आणि मधून मधून ‘झोपेत, झोपेत गेल्या’, ‘नाही, त्रास नाही झाला’ एवढंच म्हणत होती. तिच्या मोडक्या इंग्लिशमध्ये. फोन ठेवल्यावर ती माझ्यासमोर खुर्चीवर बसली आणि पदर नसताना पदर चाचपावा तसा तिनं खांद्याला हात लावला.

आयलीन नोराबाईंची मुलगी. तिचं नाव आम्ही त्या घरात कधी ऐकलं नव्हतं, भिंतीवर तिचा एक फोटो नव्हता. तिनं तीस वर्षांपूर्वी एका घटस्फोटित माणसाशी लग्न केलं होतं, तोही दुसऱ्या पंथाचा, प्रोटेस्टंट. लग्न त्याच्या चर्चमध्ये झालं. तिच्या वडिलांनी या घरातली काडीसुद्धा तिला जाणार नाही असं बायकोकडून वदवून घेतलं, ते गेले, आणि पुढे टॉम ते पाळत राहिला. ती राहायची टोलिडोला. ट्रॉयहून जेमतेम सव्वा तासावर. नोराबाईंना चित्र तिला द्यायचं होतं. आमच्यातली त्या दारातून आत गेलेली ती एकटीच, असं त्या आईला म्हणाल्या होत्या. भिंत मोकळी दिसली असती तर टॉमनं ख्रिसमसला पहिलं तेच विचारलं असतं, म्हणून आईनं नक्कल करायची. ईस्टरला मी त्याला स्वतः सांगीन, मी नाही तर आयलीन सांगेल, तू सांगायचं नाहीस, असं त्यांनी वचन घेतलं होतं. आई मूळ चित्र साडीत गुंडाळून स्वतः टोलिडोला देऊन आली होती, लायसन्स मिळून तीन महिने झालेले असताना, ट्रकांच्या मधून, हायवेवर. तेच ते दीडशे मैल.

आयलीन त्याच दिवशी दुपारी आली. मी खिडकीत होते. निळ्या रंगाची जुनी गाडी शेजारच्या ड्राइव्हवेत थांबली आणि नोराबाईंसारखंच नाक असलेली एक बाई उतरली. तिनं मागच्या सीटवरून आमची सुती साडी गुंडाळलेलं चित्र बाहेर काढलं. टॉम पोर्चवर आला. दोघं किती तरी वेळ पायऱ्यांवर नुसती उभी राहिली, ती खाली, तो वर. मग तो दोन पायऱ्या उतरला. त्यांचं काय बोलणं झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही. तासाभरानं दोघंही आमच्याकडे आली. आयलीन आईच्या गळ्यात पडून रडली, आणि तिला मिठी मारावी की नाही हे न कळून आईनं तिच्या पाठीवर थोपटलं. बाबांनी चहा टाकला. बाबांनी चहा टाकलेला मी त्या घरात पहिल्यांदाच पाहिला.

टॉम माफी मागेल असं मला वाटलं होतं. त्यानं वकिलाचं पत्र रद्द करतो असं बाबांना सांगितलं, आणि मग चहाचा कप हातात धरून बसून राहिला. शेवटी आईला म्हणाला, मी लहानपणापासून त्या चित्राखाली वाढलो. या ख्रिसमसला मी तुमच्या चित्राखाली बसून जेवलो आणि मला कळलं नाही. मग त्यानं विचारलं, तुमची हरकत नसेल तर ते मी ठेवू का? आई म्हणाली, ठेवा, पण उन्हात टांगू नका, अजून वाळायचंय. तो जाताना दारात घुटमळला आणि माझ्याकडे एकदा बघून गेला. त्यानं माझं नाव घेतलं नाही. त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे, आणि त्याबद्दलच मला त्याचा कधी कधी रागही येतो.

ती सगळी गेल्यावर आई परत ओट्यापाशी गेली. सकाळची कणीक सुकून वर पापुद्रा आला होता. ती पाण्याचा हात लावून मळायला लागली. मी तिथेच उभी होते. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “बेसमेंटमध्ये दोन चित्रं होती हे माहीत असणारं या घरात माझ्याखेरीज एकच माणूस होतं.”

म्हणजे तिला माहीत होतं. वकिलाचं पत्र आलं त्या दिवसापासून. त्या तीन आठवड्यांत तिनं माझे डबे भरले होते, वेण्या घातल्या होत्या, बसपाशी आली होती. मी रडायला लागले. मी म्हणाले, मला वाटलं तू चोरलंस. मराठीत म्हणाले. तेवढं मला इंग्लिशमध्ये म्हणता आलं नाही.

“वाटलं असेल,” ती म्हणाली. “दिसतच होतं तसं. पण मला विचारायचंस.”

“तू सांगितलं असतंस?”

तिनं थोडा विचार केला. आईची ही सवय होती, प्रश्न खरा असेल तर ती घाईनं उत्तर द्यायची नाही.

“नाही,” ती म्हणाली. “पण तू विचारलंस हे तरी मला मिळालं असतं.”

मग तिनं मला पोळपाट काढायला सांगितलं, आणि त्या संध्याकाळच्या सगळ्या पोळ्या मी लाटल्या. वाकड्या झाल्या. बाबांनी गुपचूप खाल्ल्या. आईनं मला माफ केलं का, हे मी पुढे कित्येक वर्षं तिच्या वागण्यातून शोधत राहिले. अगदी अलीकडे, तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिच्या डोळ्यांत औषध घालताना, मी ते तिला सरळ विचारलं. ती डोळे मिटून पडलेली होती. म्हणाली, वीस वर्षं लागली तुला विचारायला, आणि दुसऱ्या डोळ्यासाठी मान वळवली.